अक्कानं जपलेले हात

अक्का गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, दाखवलं. सकाळचे साडेसात वाजले होते. गुलमंडीजवळच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं, तेवढ्यात गणेशचा व्हिडिओ कॉल आला. गणेश अक्काचा जुना विद्यार्थी. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही, वाळूजला एका कारखान्यात काम करतो, आणि त्या आठवड्यात सकाळी दवाखान्यात अक्काजवळ बसायची पाळी त्याची होती. पडद्यावर आधी त्याचं कपाळ दिसलं, मग पलंगाची कड. त्यानं फोन कशाला तरी टेकवून उभा केला, मागच्या पलंगाकडं बोट केलं आणि उघडा तळहात हळूच पालथा केला. मला कळलं होतं. तरी मी मान हलवली, समजलं नाही म्हणून. त्यानं पुन्हा तेच केलं, आणखी सावकाश, लहान लेकराला समजवावं तसं. तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हातांनी बोलणाऱ्या माणसाला डोळे पुसायचे तर बोलणं थांबवावं लागतं, हे मला त्या सकाळी कळलं.

तिचं नाव कुमुद, पण वैजापूरच्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांचीच अक्का होती. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वडील तहसीलमध्ये कारकून, घरात शिकण्याला मान, त्यामुळं अक्कानं बी.ए. झाल्यावर कुठंतरी नोकरी धरावी किंवा लग्न करावं एवढीच सगळ्यांची अपेक्षा होती. तिनं दोन्ही लांबणीवर टाकलं आणि कर्णबधिर मुलांना शिकवायचा कोर्स केला. का, तर शेजारच्या घरात तिच्याच वयाची एक मुलगी होती, तिला ऐकू येत नसे आणि कुणी शाळेत घातलं नाही. दोघी दिवसभर ओसरीवर सागरगोटे खेळायच्या. "तिच्याइतकं मला कुणी ओळखत नव्हतं," एवढंच अक्का म्हणायची. पुढं तिला इथं शहरात, गारखेड्यातल्या एका निवासी शाळेत नोकरी लागली, शाळेजवळच दोन खोल्या घेतल्या आणि जन्म तिथंच काढला. लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तिनं कधी आठवण केली नाही, आणि आम्हीही काही वर्षांनी करून देणं सोडलं.

त्या काळी शाळेचा नियम कडक होता, हात खाली. मुलांनी समोरच्याच्या ओठांकडं बघायचं, घशातून आवाज काढायचा, हातांनी बोललं तर टेबलावर पट्टी. हेतू वाईट नसेल, बाहेरच्या जगात बोलता यावं म्हणूनच. अक्कानं तेही शिकवलं. पण वर्ग सुटला की ती मुलांच्या खोलीत जाऊन बसायची आणि त्यांचे हात बघायची. खेड्यातून आलेल्या प्रत्येक पोरानं घरी स्वतःच्या खुणा केलेल्या असायच्या. त्या त्याला आणि त्याच्या आईला, फार तर एखाद्या भावंडाला कळायच्या. शाळेत दोन वर्षं काढली की त्या पुसून जायच्या. "एकेक पोरगं आपली भाषा घेऊन येतं रे श्रीपा," ती मला म्हणाली होती, "अन् आपण ती दारात काढून ठेवायला लावतो, चपलांसारखी." मी तिला एक छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला. त्या दिवसापासून ती त्या खुणांचे व्हिडिओ घ्यायला लागली. एक मूल, एक शब्द, मागं शाळेची पिवळी भिंत. फोल्डराला तिनं नाव दिलं, 'मुलांचे हात'.

मला तेव्हा त्यात फार काही वाटलं नव्हतं, खरं सांगतो. एका दुपारी तिनं मला समोर बसवून एकच शब्द वेगवेगळ्या मुलांच्या हातांत दाखवला, पाणी. जुन्या व्हिडिओतला गणेश, नऊ वर्षांचा, एक पाय पुढं रोवून विहिरीतून दोर ओढत होता. त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांनी आलेली पोरंही दोर ओढत होती, पण ओढतच राहत होती, हाताला हात लावत, कितीतरी वेळ. विहिरी खोल गेल्या होत्या. मग दुष्काळात आलेली पोरं. त्यांनी दोराला हातच लावला नाही, दोन्ही कोपरं बाहेर काढून माणसं ढकलल्यासारखं केलं. टँकरभोवतीची गर्दी... त्यांच्यासाठी तेच पाणी. त्यानंतरची मुलं कारखान्यांच्या बाजूला राहायला आलेल्या कुटुंबांतली. गाव सोडून आईबाप शहरात आले, आणि मुलांच्या हातात तोटी आली. त्यातल्या एका पोरीनं तोटी फिरवली, वाट बघितली, मान हलवली, मग बोटांवर दिवस मोजले. आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते शहरात कुणाला सांगायला नको. मी हसलो. अक्का हसली नाही. "हे कुठं लिहून ठेवलंय का कुणी?" ती म्हणाली.

त्या फोल्डरात मंगल नावाची मुलगी होती. वैजापूरकडचीच. आई कासाबाई, मार्केट यार्डात कांदा निवडायच्या कामाला. बाप लवकर गेलेला. मंगलची 'आई' अशी खूण होती की स्वतःचा तळहात नाकाशी न्यायचा, वास घ्यायचा, नाक मुरडायचं आणि लगेच हसायचं. आईच्या हाताला कायम कांद्याचा वास, म्हणून. बारा वर्षांची असताना ती उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेली. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणं चालू होतं, गावात काविळीची साथ आली, आणि मंगल परत आली नाही. कासाबाईकडं लेकीचा शाळेच्या दाखल्यावरचा फोटो होता, बाकी काही नाही. म्हणून दरवर्षी मंगलच्या दिवशी ती एसटीनं शहरात यायची, अक्काच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायची आणि तो व्हिडिओ बघायची. आठ-दहा सेकंदांचा असेल. पुन्हा लावा म्हणायची, अक्का पुन्हा लावायची. तिच्याकडं बटनांचा फोन होता. पुतण्याच्या फोनवर पाठवते असं अक्का म्हणाली होती, तर कासाबाई म्हणाली, "त्येंच्या फोनात कशाला, बाई? मी यीन की वर्साला."

आता मला माझ्या भागाचं सांगितलं पाहिजे. हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला, असंही म्हणता येईल.

वर्षागणिक व्हिडिओ वाढत गेले आणि अक्काच्या लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही. मी तिला बाहेरून जोडायची एक डिस्क आणून दिली, 'मुलांचे हात' हे फोल्डर उचलून त्या डिस्कवर ठेवलं आणि लॅपटॉपवर त्याच्या जुन्या जागी सिम्बॉलिक लिंक करून ठेवली. म्हणजे तिथं दिसायला फोल्डरच दिसतं. नाव तेच, क्लिक केलं की आतले व्हिडिओही उघडतात. पण खरं तिथं काहीच नसतं, फक्त पत्ता असतो, की सामान अमुक डिस्कवर आहे. कॉम्प्युटर तो पत्ता वाचून गुपचूप तिकडं नेतो, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अक्काला रोजची सवय मोडावी लागू नये म्हणून मी हे केलं होतं. मग बॅकअपसाठी दुसरी डिस्क घेतली, ती माझ्या दुकानाच्या कपाटात राहायची. बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. अशी लिंक समोर आली की त्या सॉफ्टवेअरपुढं दोन वाटा असतात. एक तर पत्त्यामागं जायचं आणि तिथलं सगळं सामान उतरवून घ्यायचं. नाहीतर पत्त्याची चिठ्ठी तेवढी उतरवून घ्यायची आणि पुढं जायचं. वेगळं काही सांगितलं नाही तर बरीच सॉफ्टवेअरं दुसरी वाट धरतात. त्यांचंही चुकत नाही. एखादी लिंक फिरून आपल्याच वरच्या फोल्डरकडं नेत असली, तर मागं गेलेलं सॉफ्टवेअर गोल फिरत बसेल. म्हणून सेटिंगमध्ये एक चौकोन असतो, लिंकच्या मागं जायचं की नाही ते सांगायला. तिथं टिक करायची. मी ती केली नाही. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही... गिऱ्हाइकांना मीच हे समजावून सांगत आलोय. घरचं काम म्हणून घाईत उरकलं.

पहिला बॅकअप चार मिनिटांत संपला. हिरव्या अक्षरांत 'पूर्ण' असं आलं. अक्का चहाचे कप घेऊन आत आली.

"एवढी सगळी पोरं चार मिनिटांत गेली तिकडं?"

"थांब, दाखवतो," मी म्हणालो. दुसरी डिस्क जोडलेलीच होती. तिच्यावरचं 'मुलांचे हात' उघडलं, आणि नऊ वर्षांचा गणेश दोर ओढायला लागला. पुढचे चार-पाच व्हिडिओही उघडून दाखवले. अक्कानं समाधानानं मान डोलावली. माझ्या ध्यानात आलं नाही की पहिली डिस्कही शेजारीच जोडलेली आहे. बॅकअपमध्ये गेली होती ती नुसती पत्त्याची चिठ्ठी, आणि तो पत्ता अजून खरा होता, म्हणून चिठ्ठीनं आम्हाला पुन्हा मूळ डिस्कवरच नेलं. आम्ही मूळच बघत होतो आणि ती नक्कल समजत होतो. वर मी शहाणपणानं सांगितलं, "आता कॅमेऱ्याचं कार्ड पुसत जा. बॅकअप आहे ना."

ती पुसत गेली. तीन वर्षं मी दर महिन्याला बॅकअप घेतला, दर महिन्याला हिरवी अक्षरं आली.

डिस्क गेली ती मे महिन्यात. सलग दुसरं कोरडं वर्ष होतं. दुपारी वीज जायची, यायची, पुन्हा जायची. डिस्कमधून घड्याळासारखी टिकटिक यायला लागली आणि ती उघडेना. अक्काचा फोन आला तेव्हा मी निर्धास्त होतो. "काळजी करू नको, दुसरी घेऊन येतो," म्हणालो. गारखेड्याला गेलो, डिस्क जोडली, फोल्डरवर क्लिक केलं. ही जागा सापडत नाही, असं आलं. मी पुन्हा क्लिक केलं. मग त्या फोल्डराचा आकार बघितला. तीन वर्षांच्या बॅकअपमध्ये 'मुलांचे हात' या नावाखाली काही अक्षरांची एक ओळ होती. मेलेल्या डिस्कचा पत्ता.

अक्का माझ्या पाठीशी उभी होती. तिला सगळं समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुला." तेवढंच. ती आयुष्यात माझ्यावर कितीदा रागावली असेल, कान पिरगाळले असतील, पण एवढ्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. डिस्क मी पुण्याला घेऊन गेलो. तिथल्या माणसानं ती उघडली आणि आतल्या तबकडीवर चरे पडलेत, काही निघणार नाही असं सांगितलं. परतीच्या वाटेवर अक्काला फोन करायचं मला धैर्य झालं नाही. मेसेज केला. तिचं उत्तर आलं, 'जेवलास का?'

पंधरा दिवसांनी मंगलचा दिवस होता. अक्कानं मला बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेलो. कासाबाई आली, पाय धुतले, नेहमीच्या जागेवर लॅपटॉपसमोर बसली. अक्का तिच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "कासाबाई, मंगलचा व्हिडिओ गेला. मशीन बिघडली. सगळेच गेले." मी म्हणालो, "माझी चूक झाली, मावशी. माझ्या हातून गेले." कासाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बंद लॅपटॉपकडं. मला वाटलं ती आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हंजी आता नाय दिसायची?"

"नाही," अक्का म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. आमची आई गेली तेव्हा ती सगळ्यांना सावरत होती. त्या दिवशी मात्र तिला सावरता येईना.

मग कासाबाईनं आपला उजवा तळहात नाकाशी नेला, वास घेतला, नाक मुरडलं आणि हसली. हुबेहूब. "अशी करायची," ती म्हणाली. "अन् भाकर म्हनली की अशी. अन् म्हशीला अशी. लई भ्यायची म्हशीला." तिचे हात एकामागून एक चालत होते आणि डोळ्यांतून धार लागली होती. "मला समदं येतं की, बाई. माझ्याशीच तर बोलायची ती." अक्कानं रडत रडतच फोन काढला आणि म्हणाली, "थांबा कासाबाई. पुन्हा करा. पहिल्यापासून करा."

तिथून ते काम नव्यानं सुरू झालं. अक्का तोवर निवृत्त झाली होती. जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर एकाकडून एक मिळवत तिनं सगळ्यांना रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली. कुणी कारखान्यात, कुणी शिवणकामात, कुणी दोन लेकरांची आई. गारखेड्याच्या त्या दोन खोल्यांत पंधरा-वीस माणसं बसायची आणि पंख्याशिवाय कशाचा आवाज नसायचा. पुष्कळांना आपल्या लहानपणच्या खुणा आठवत नव्हत्या, आता सगळे हातांची एकच शिकलेली भाषा बोलत होते. गणेशला पाणी आठवेना. तो उभा राहून हवेत हात धरून बघत होता, खाली सोडत होता. अक्कानं त्याला शब्द दाखवला नाही, नुसती समोर बसून राहिली. मग त्याचा एक पाय आपोआप पुढं रोवला गेला... आणि त्याच्या तोंडाकडं बघून आम्ही सगळे ओरडलो, ऐकू येणारे आणि न येणारेही. मी दर रविवारी नवे व्हिडिओ दोन डिस्कवर उतरवायचो, त्यातली एक दुकानात नेऊन, बाकी सगळं काढून ठेवून, दुसऱ्याच मशीनवर उघडून बघायचो. प्रत्येक व्हिडिओ, शेवटपर्यंत. पण सगळं परत आलं असं म्हणणार नाही. अर्धंही आलं नाही. काही पोरं सापडली नाहीत, काहींना आठवलं नाही, आणि मंगलसारखी जी गेली होती त्यांच्यातल्या सगळ्यांच्या आया कासाबाईसारख्या नव्हत्या.

मग अक्काची फुप्फुसं आकसायला लागली. डॉक्टरांनी काय ते नाव सांगितलं. आमच्या हिशेबी एवढंच की तिला दोन वाक्यं सलग बोलवेना. शेवटचा महिना ती दवाखान्यात होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आणि तिथं मी एक गोष्ट बघितली, जिची मला अजून लाज वाटते. पलंगाशी गणेश असायचा, कधी इतर कुणी असायचं, आणि अक्का त्यांच्याशी तासन् तास बोलायची. हातांनी. चेष्टा करायची, रागवायची, कुणाच्या सासूची नक्कल करायची. मी सख्खा भाऊ, तिच्या पायाशी स्टुलावर बसलेला, आणि मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. इतकी वर्षं तिचे व्हिडिओ मी मोजले, सांभाळले, हरवले, पण ती भाषा शिकलो नाही.

एका दुपारी मी म्हणालो, "अक्का, ते माझ्यामुळं गेलं. मला ते विसरता येत नाही." तिनं डोळे उघडले, गणेशकडं बघून हात हलवले. त्यानं फोनवर लिहून माझ्यासमोर धरलं. त्याचं मराठी त्याच्या भाषेच्या वळणाचं असतं. 'बाई बोलते हो. तू चूक. आता रडू नको चहा जा पी.' मी वर बघितलं तर अक्का मास्कच्या आत हसत होती, त्याचं प्लास्टिक धुरकट झालं होतं. मी चहा प्यायला गेलो. त्यानंतर तीन दिवसांनी गणेशचा तो फोन आला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी तिच्या खोल्या आवरायला गेलो. दारावरची बेल दाबली की आत एक दिवा लुकलुकतो, अशी सोय तिनं या मंडळींसाठी करून घेतली होती. मी भांडी बांधत असताना तो दिवा लुकलुकला. दार उघडलं तर जिन्यावर सगळे उभे. गणेश, त्याची बायको, त्याच्या मागं शिवणकामवाल्या दोघी, वैजापूरहून आलेली कासाबाई, खाली गेटपर्यंत माणसं. कुणी काही विचारलं नाही. आत येऊन आपापल्या जागी बसले. गणेशनं अक्काची वही काढली, राहिलेल्या शब्दांची यादी होती तिच्यात. ती त्यानं बाजूला ठेवली आणि माझा फोन स्टँडवर लावला. मग सगळ्यांनी, एकदम नाही, एकामागून एक, डावा हात उचलला आणि डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून हळूच खाली ओढली.

मला काही कळेना. गणेशनं फोनवर लिहिलं, 'नाव. बाईचं नाव. बाईच्या पहिल्या वर्षी मुलांनी ठेवलं.'

विचारात पडली की कानाची पाळी ओढत बसायची अक्काची लहानपणापासूनची सवय. परीक्षेच्या दिवसांत तर कान लाल व्हायचा. आई म्हणायची, एक दिवस हातात येईल तो. मी विसरून गेलो होतो. आणि इकडं तीस वर्षं शेकडो मुलं तिला त्याच नावानं हाक मारत होती, वर्गातून, मैदानातून, दवाखान्यातल्या पलंगाशी बसून. माझ्यासमोर मारत होती. तिनं मला कधी सांगितलं नाही, किंवा मी कधी विचारलं नाही.

गणेशनं मला फोनमागून ओढून सगळ्यांच्यात उभं केलं. मी हात वर केला आणि कान धरला. त्यानं मान हलवली, माझा उजवा हात खाली घेतला, डावा उचलला आणि डाव्या कानाशी नेऊन ठेवला. पुन्हा, अशी खूण केली. मी अक्काला हाक मारली.